शिंक अडली, सोयरीक अडली

माझ्या निग्रहाबद्दल आमच्या निडी गावात कुणाला शंका नाही. सगळी नोकरी डोलवीला कंपनीत रात्रपाळ्या करून काढली, कधी डुलकी नाही. म्हणून प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "काका, लघवी अडवल्यासारखा आतला स्नायू आवळायचा, मग सोडायचा. शिंकण्याआधी, खोकण्याआधी तर नक्की," तेव्हा मी म्हणालो, "एवढंच ना? महिन्यात हे लघवीचं पॅड बंद."

महिने गेले, पॅड सुटेना. हसलो की गळायचं, म्हणून मी हसणंच सोडलं.

अशात माझ्या लेकीला, नूतनला, बघायला पेणहून पाहुणे आले. मुलगा जितेश, त्याचे वडील आणि आजोबा. पॅन्ट फुगलेली दिसते म्हणून त्या दिवशी मी हट्टानं पॅडशिवाय बसलो.

नूतन चहा देऊन आत गेली. मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला पोरगी पसंत हाय. तुमचं काय?"

नेमकी तेव्हाच बायकोनं, शकूनं, पोह्यांच्या फोडणीत मिरची टाकली. शिंक नाकापर्यंत आली. मी स्नायू आवळला, श्वास रोखला आणि डोळे वटारून त्यांच्याकडे बघत राहिलो.

ते चपापले. "देण्याघेण्याचं आमचं काय नाय."

मी स्नायू आणखी आवळला.

"लग्न तुमच्याच दारात करू."

मी लालबुंद. जितेशला घाम फुटला. शेवटी वडील उठलेच. "पटत नसल तर तसं सांगा. डोळे कशाला काढता?"

शकू धावत आली. माझं तोंड बघून तिला सगळं कळलं. "बसा हो. यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. लघवी सुटू नये म्हणून आवळून बसलेत."

मला वाटलं, मोडली सोयरीक.

आजोबांनी काठी खाली ठेवली. "कसं आवळायचं? माझं बी खोकल्यावर सुटतं. आजवर कुणाला बोललो नाय."

शिंक विरली होती. मी रीत सांगितली. आजोबा ताठ बसले. मग त्यांचा मुलगा. मग, पुढची सोय म्हणून, जितेशही. तिघं भिंतीकडं बघत, गंभीर. देवळातही इतकी शांतता मी पाहिली नव्हती.

नूतन पोहे घेऊन आली आणि ते चेहरे बघून दारातच थबकली. "काय बिनसलं?"

"काय नाय," जितेश दबल्या आवाजात म्हणाला. "सोडायला सांगितलं नाय अजून."

मी हसलो. खदाखदा, पोट दुखेपर्यंत. शकूचा चेहरा उतरला, कारण पुढचं तिला माहीत होतं. मी हळूच चाचपून पाहिलं. जन्मभर ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं, त्या एवढ्याशा स्नायूनं मला धरून ठेवलं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

"काय झालं?" शकूनं कानात विचारलं.

"कोरडा," मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले.

पाहुण्यांना वाटलं, बाप लेकीसाठी रडतोय. मीही तसंच वाटू दिलं.