तबेल्याचा इतिहासकार

दारात पाहुणा आला की वामन आधी आडनाव विचारायचा, आणि मग आडनाव बघून वसतिगृहाचा इतिहास सांगायचा.

मुलुंडला माझ्या घरासमोरच अपंगांचं वसतिगृह होतं. दुपारी मी तिथे भाजी निवडायला जायची. वामन तिथला सगळ्यात जुना. पाय लहानपणी पोलिओनं गेलेले, जीभ मात्र दोन माणसांची. चाकांची खुर्ची फाटकाशी लावून बसायचा, म्हणजे पाहुणा आधी त्याच्याच तावडीत.

गुजराती शेठ आला, की ही जागा एका शेठला स्वप्नात दिसलेली. खारदांड्याची कोळीण आली, की "तुमच्यातल्याच एकीनं पाटी विकून पाया घातला." एकदा दोघंही एकाच दुपारी हजर. मी म्हटलं, आता याची वाट लागली. तर हा शांतपणे म्हणतो, "शेठनं जागा दिली, कोळणीनं अक्कल दिली." शेठ पोट धरून हसला आणि वसतिगृहाला पंखा देऊन गेला. कोळणीनं दुसऱ्या दिवशी बांगडे पाठवले.

मी त्याला म्हटलं, "अरे, म्हशींचा तबेला होता ना हा? मी स्वतः दूध नेलंय इथून."

"वयनी, म्हशींच्या नावान पंखो कोण देतलो?"

एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. पहिला आला तो वामन. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तबेल्यात नुकतंच वसतिगृह निघालं होतं; भावानं त्याला इथे आणून सोडलं, 'गावाक जावन येतंय' म्हणाला आणि गेला. एवढं सांगून झालं की वामन पाहुण्याला चहा विचारायचा.

मग बदलापूरला नवी इमारत झाली. सगळे खूश. वामननं सुतळीनं आपली खुर्ची फाटकाला बांधून घेतली. "इतिहास काय कपाट हा, उचलून नेऊक?"

टेम्पो येऊन उभा राहिला. वसतिगृहाच्या बाईंनी हात टेकले आणि मला बोलावलं.

मी त्याला म्हटलं, "शहाण्या, तिथे न्हाणीत खुर्ची जाते. कुणी उचलून न्यायला नको. अडलंय काय तुझं?"

तो गाठीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "भावाक ह्योच पत्तो म्हायत हा."

"मी कुठे चाललेय? समोरच तर असते," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि गाठ स्वतःच सोडली.

टेम्पोत चढवल्यावर त्यानं हाक मारली. "वयनी, तो इलो तर शेठ-कोळीण सांगू नकात. तेका तबेलोच म्हायत हा."

टेम्पो वळला. मी घरी आले आणि भाजीची परात घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर बसले. तिथून फाटक दिसतं.