मामांनी धरलेला दांडा

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, नीट बसा) रंगनाथ नावाचा सरडा राहत होता. त्याचं लग्न ठरलं होतं. आनंदाने तो पिवळाधमक झाला होता.

आता सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे तुम्हाला माहीत आहेच. नवरीचं घर नेमकं कुंपणापलीकडे, उताराच्या तळाशी होतं. म्हणून अस्वलाचा टेम्पो ठरवला. अस्वल स्वतःच ड्रायव्हर आणि स्वतःच मिस्त्री. नवरीचा बाप मोठा व्यवहारी. त्याने निरोप धाडला होता, "मुहूर्त टळता कामा नये. मांडवात एक जादा नवरा बसवून ठेवलाय."

टेम्पोत पुढची मानाची जागा मामांना दिली. मामा म्हणजे घोरपड. साखरपुड्यात त्यांना टोपी मिळाली, पण टॉवेल द्यायचा राहून गेला होता. तेव्हापासून ते फुगलेले. मामा बसले आणि आधाराला म्हणून शेजारचा एक दांडा त्यांनी वर ओढून धरला.

तो हँडब्रेक होता. त्याचा खटका कधीच तुटला होता. कोणी ओढून धरला तरच तो लागायचा. पण घोरपडीने धरलं की धरलं.

अस्वलाने टेम्पो सुरू केला. धूर निघाला, आवाज झाला, मागची चाकं मात्र ढिम्म. अस्वल खाली उतरलं, चाकाला कान लावला आणि म्हणालं, "ब्रेकचा ड्रम धरलाय. उतरवावा लागेल."

"दोन्ही बाजूंचा?" वऱ्हाडातल्या हत्तीने विचारलं.

"आधी डावा उतरवू. उजव्याला आपोआप अक्कल येईल."

जॅक नव्हता, म्हणून हत्तीने टेम्पोची डावी बाजू सोंडेने उचलून धरली. अस्वलाने चाक काढलं. आत पातेलं पालथं घातल्यासारखा लोखंडी ड्रम होता. अस्वलाने त्याच्यावर तेल ओतलं आणि हातोडा घातला. ड्रम हलला नाही. वऱ्हाडातल्याच म्हशीने नारळ फोडला. तरी हलला नाही.

मामांनी खिडकीतून मान काढली. "एवढा साधा ड्रम निघत नाही? आमच्या वेळी नुसतं डोळे वटारले तरी निघायचे."

"हो मामा," सगळे म्हणाले.

रंगनाथ करडा पडला. तो आईच्या कानाशी लागला. "आई, मामांनी हँडब्रेक ओढून धरलाय गं."

"माहितीये मला."

"मग सांग ना त्यांना!"

"दादाला? लग्नाच्या दिवशी? हात काढ म्हणू? तसाच परत घरी जाईल तो!"

रंगनाथ अस्वलाकडे गेला. "मिस्त्री, तो हँडब्रेक..."

"श्श! ते बसले तेव्हाच पाहिलंय मी," अस्वल कुजबुजलं. "माझ्या बहिणीच्या लग्नात मी एका मामांना जरा सरका म्हणालो होतो. बहीण अजून घरीच आहे."

हत्तीलाही माहीत होतं. म्हशीलाही माहीत होतं. म्हणून सगळे आणखी जोरात ड्रम ठोकू लागले.

एवढ्यात खालून सनई ऐकू आली. तिकडे नवरी कुसुम हार घेऊन उभी असेल आणि तो जादा नवरा भांग पाडत असेल! रंगनाथ चिडून लालभडक झाला आणि तरातरा खिडकीपाशी गेला. आज मामांना सांगायचंच. त्याने तोंड उघडलं.

"मामा, तुमचा... टॉवेल राहिला होता."

आणि त्याने खांद्यावरचा लग्नाचा शेला काढून पुढे केला.

"आता आठवण झाली?" मामा म्हणाले. पण त्यांचे डोळे भरून आले होते. आणि मान दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. मामांनी दोन्ही हात पुढे केले.

दांडा खाली पडला. ड्रम आपण होऊन निघाला आणि अस्वलाच्या पायावर पडला. टेम्पो उताराला लागला. रंगनाथ शेल्याच्या दुसऱ्या टोकाला लोंबकळत होता. हत्तीला सोंडेतला टेम्पो सोडायचं सुचलं नाही, म्हणून चौथं चाक होऊन तोही धावत सुटला.

मांडवात पोपटभटजी "सावधान!" म्हणाले, आणि या वेळी सगळ्यांनी ते ऐकलं. जादा नवरा उडी मारून पळाला. टेम्पो त्याच्या पाटावर येऊन थांबला. रंगनाथ उडून कुसुमच्या हारात पडला. लग्न लागलं.

मामा शेला सावरत उतरले. "मी दांडा धरून बसलो होतो, म्हणून वेळेवर पोचलात!"

"अगदी खरं, मामा," सगळे म्हणाले.

परतीच्या वाटेला मामा पुन्हा पुढेच बसले. अस्वल लंगडत आलं, आणि त्याने न विचारताच हातोडा बाहेर काढला.

तात्पर्य: ब्रेक कोणी ओढलाय हे ठाऊक नसेल, तर शोध घ्यावा. ठाऊक असेल, तर हातोडा घ्यावा आणि तो चाकावरच मारावा.