‘एल तिमोन’ची ती खरपूस चव

“ज्या दिवशी ‘एल तिमोन’ बंद झालं, त्या दिवशी या शहराची संस्कृती संपली,” दार्दो बेन्तांकुरने जाहीर केलं, आणि संपलेल्या संस्कृतीच्या दुःखात तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

निबियाने त्यात न्योकी वाढली. तारीख एकोणतीस होती. एकोणतीस तारखेला माँटेव्हिडिओत घरोघरी न्योकी होते, जसा सोमवारनंतर मंगळवार होतो. महिनाअखेरीला घरात दुसरं काही नसलं तरी बटाटे आणि मैदा असतोच. त्याचे छोटे गोळे उकडायचे, वर टोमॅटोचा रस्सा घालायचा, ताटाखाली एक नोट ठेवायची आणि खायचं. पुढचा महिना बरकतीचा जातो म्हणतात. दार्दो वीज कंपनीत मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला होता. त्याला बरकत अजून भेटलेली नव्हती, पण नोट ठेवणं त्याने सोडलं नव्हतं.

“आज काय बिघडलंय?” निबियाने विचारलं.

“बिघडलं असं नाही. तुझी न्योकी चांगलीच असते गं. पण त्या हॉटेलातली, ‘एल तिमोन’ची...” दार्दोने डोळे मिटले. “वर तो खरपूस पदर. कडेला चिकटलेलं चीज. आतून लोणी. तशी न्योकी आता या देशात कुणाच्या बापाला जमायची नाही.”

निबियाने काटा खाली ठेवला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तिला एक सवय लागली होती. ती आधी माप घेई आणि मगच कापायला काढी.

“एकशे आठ,” ती म्हणाली.

“काय एकशे आठ?”

“हेच वाक्य. नऊ वर्षं झाली बंद होऊन. दर महिन्याला एकदा. फेब्रुवारीत एकोणतीस नसली तर अठ्ठावीसला. आज माळ पूर्ण झाली, दार्दो. आता ऐक. पुढच्या एकोणतीसला ती चव या टेबलावर आण. मी खाऊन बघते. माझ्या हातापेक्षा सरस निघाली तर मरेपर्यंत तुझं ऐकेन, वर हुंकारही देईन. नाही निघाली, तर ‘एल तिमोन’चं नाव या घरात काढायचं नाही.”

दार्दो हसला. मग निबिया हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्याकडे बोलण्यासारखे एकूण तीन विषय होते: मीटर, ‘एल तिमोन’ आणि डावा गुडघा. मीटरवर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बंदी आली होती. आता हाही विषय गेला, तर उरलेला संसार एका गुडघ्यावर रेटावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत थर्मास मारून तो चौकातल्या बाकावर गेला. तिथे एल्बिओ आणि वाल्देमार आधीच बसलेले होते. एल्बिओ जुना न्हावी. वाल्देमार गल्लीबोळातल्या फुटबॉल सामन्यांचा पंच. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण पिवळं कार्ड अजून कोटाच्या खिशात असे. तीस वर्षं दर एकोणतीसला हे तिघं ‘एल तिमोन’मध्ये खिडकीजवळच्या एकाच टेबलावर जेवले होते.

“एवढंच ना?” ‘माते’ नावाच्या कडवट चहाच्या भोपळ्यात गरम पाणी ओतत एल्बिओ म्हणाला. “वहिनीला सांग, रश्श्यात जायफळ घाल. तिथे जायफळ असायचं.”

“जायफळ?” वाल्देमार म्हणाला. “लाल वाइन असायची. मला स्पष्ट आठवतंय.”

“तो वास तुझ्या ग्लासातून यायचा, म्हाताऱ्या.”

“मी तीस वर्षं पंच होतो. माझी नजर...”

“नजरेचं बोलूच नकोस. ती पेनल्टी तू कोणत्या नजरेने दिलीस ते सगळ्या रेदुक्तो वस्तीला माहितीये.”

वाल्देमारने पिवळं कार्ड काढून एल्बिओच्या नाकासमोर धरलं. अर्ध्या तासाने परिस्थिती अशी होती की रस्सा लाल होता की पांढरा, याबद्दलही तिघांत एकमत उरलं नव्हतं. तेव्हा प्रत्यक्ष जागेची पाहणी करावी असं ठरलं.

‘एल तिमोन’च्या जागी आता कुत्र्यांचं सलून होतं. खिडकीजवळ, जिथे त्यांचं टेबल असे, तिथे टबात उभं राहून एक पांढरं कुत्रं अंग वाळवून घेत होतं. वाल्देमारने टोपी काढून छातीशी धरली. एल्बिओ मात्र मान वाकडी करून बघत होता.

“पोरी, मानेकडून सुरुवात करू नये. गिऱ्हाईक दचकतं,” तो म्हणाला.

“कुत्रं कुठाय तुमचं?” सलूनवाल्या मुलीने विचारलं.

“आम्ही न्योकीसाठी आलोय,” दार्दो म्हणाला.

मुलीला नवल वाटलं नाही. “म्हणजे जुन्या हॉटेलातले. इथे महिन्यातून दोन-तीन म्हातारे तरी येऊन रडून जातात. तुम्ही गुरुवारी या. एक आजोबा कुत्री घेऊन येतात, ते इथे वेटर होते. अजून मला विचारतात, ‘आज काय घेणार?’”

गुरुवारी रोसेंदो आला. तीच चालण्याची तिरपी ढब, फक्त हातात ट्रेऐवजी कुत्रीची साखळी. कुत्रीचं नाव कुएन्ता, म्हणजे बिल.

“असं काय नाव?” वाल्देमारने विचारलं.

“तीनदा बोलावल्याशिवाय येत नाही.”

दार्दोने त्याला बाजूला घेऊन सगळी हकिगत सांगितली. नऊ वर्षं, एकशे आठ वाक्यं, निबियाची अट. “स्वयंपाकीणबाईंचा पत्ता दे, रोसेंदो. जायफळ होतं की वाइन, तेवढं कळू दे. माझ्या तोंडाचा प्रश्न आहे.”

“ती बाई मुलीकडे राहायला गेली, दूर. आणि तिला विचारून उपयोगही नाही, दॉन दार्दो. ती चव तिच्याकडे नव्हतीच. माझ्याकडे होती.”

“तुझ्याकडे? तू तर नुसता वाढायचास!”

“तेच तर. दॉन्या निबियांना म्हणावं, नेहमी करता तशीच करा, कणभरही बदलू नका. मी येतो. आणि हे दोघंही पाहिजेत. तिघांशिवाय ती न्योकी होत नाही.”

हा निरोप ऐकून निबिया म्हणाली, “एक कृतघ्न होता, आता तीन झाले. वर वेटर.” पण एकोणतीस जूनला सकाळीच तिने दुप्पट बटाटे उकडले, एकेक गोळा काट्याच्या पाठीवरून फिरवून त्याला रेघा पाडल्या, आणि चार ताटांच्या जागी चार नोटा ठेवल्या. हरायचंच असलं तर रीतसर हरू, असा तिचा बाणा होता.

रोसेंदो पांढरा कोट घालून आला. कोटाचं बटण नऊ वर्षांपूर्वीच्या पोटाच्या मापाचं होतं, त्यामुळे ते उघडंच राहिलं. कुएन्ता टेबलाखाली गेली. रोसेंदोने हातावर नॅपकिन टाकला आणि वाफाळती चार ताटं एका फेरीत आणून ठेवली. निबियाने काटा उचलला. दार्दोने काटा उचलला.

“एक विचारू का, दॉन वाल्देमार?” रोसेंदो अदबीने म्हणाला. “ती पेनल्टी होती का हो?”

तीन पुरुषांचे तीन काटे खाली आले.

“होती!” वाल्देमार म्हणाला.

“नव्हती!” एल्बिओ म्हणाला. “माझा मेहुणा त्याच्यापासून दोन मीटरवर होता!”

“दोन मीटरवर त्याची सावली होती. पाय आत होता!”

“मी त्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरात मीटर वाचत होतो,” दार्दोने सुरुवात केली, “आणि गच्चीवरून मला...”

मीठदाणी गोलरक्षक झाली, पावाचा तुकडा मेहुणा झाला. निबियाच्या ताटावरची वाफ आधी विरळ झाली, मग थांबली. “अरे, गार होतंय,” ती दोनदा म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा ती तोंड उघडणार तोच रोसेंदोने हलकेच हात वर केला: थांबा. तो खांबासारखा भिंतीला लागून उभा होता. सामना दुसऱ्यांदा खेळून झाला. एल्बिओच्या मेहुण्याला रस्सा लागला. शेवटी दार्दोने घसा ओला करून काटा न्योकीत खुपसला, घास तोंडात घातला आणि ओरडला:

“रोसेंदो! हे काय आणलंस? गारढोण आहे!”

रोसेंदोने घड्याळ बघितलं. “बावन्न मिनिटं. आज लवकर झालं.”

त्याने चारही ताटं उचलली, स्वयंपाकघरात जाऊन सगळी न्योकी एका खोलगट भांड्यात ओतली, वर मूठभर चीज भुरभुरलं आणि ओव्हन पूर्ण आचेवर लावला. निबिया त्याच्या मागोमाग गेली.

“दर वेळी?” तिने विचारलं.

“दर वेळी, दॉन्या निबिया. पहिल्या वाढणीची चव या तिघांना ठाऊकच नाही. आमची स्वयंपाकीण पहिले दोन महिने रडली. मग म्हणाली, यांचं मीठ मी दुसऱ्या फेरीलाच घालत जाईन.”

भांडं टेबलावर आलं तेव्हा वर खरपूस पदर धरला होता आणि चीज कडेला चिकटून तपकिरी झालं होतं. दार्दोने घास घेतला आणि डोळे मिटले.

“हीच,” तो पुटपुटला. “अगदी हीच.”

“जायफळ!” एल्बिओ म्हणाला. “म्हटलं नव्हतं?”

“वाइन आहे,” वाल्देमार म्हणाला.

“दोन्ही नाही,” निबिया म्हणाली. “माझा नेहमीचा रस्सा आहे. फक्त करपवलाय.”

तेवढ्यात एल्बिओने ताट ठेवायची जागा चाचपली. “माझी नोट कुठे गेली?”

सगळ्यांनी आपापल्या पुढ्यात बघितलं. मग सगळ्यांनी रोसेंदोकडे बघितलं. रोसेंदोने कोटाच्या खिशात हात घातला आणि ओशाळून चार नोटा टेबलावर ठेवल्या.

“ताट उचललं की हात आपोआप जातो. मला वाटायचं, तुम्ही टीप ठेवता. गार खाऊन वर टीप, म्हणजे मोठ्या मनाची माणसं.”

“तीस वर्षं!” दार्दो ओरडला. “मी म्हणत होतो, न्योकीची बरकत मला लागत कशी नाही!”

“मला लागली की,” रोसेंदो म्हणाला. “मागची खोली बांधली.”

वाल्देमार उभा राहिला. असा पेच सोडवायचा अधिकार आपलाच, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. “न्योकी निबियाची. खरपूसपणा ‘एल तिमोन’चा. सामना बरोबरीत.”

“कसली बरोबरी?” निबिया म्हणाली. “केली मी. करपली तुमच्या तोंडामुळे.”

“पण मग,” दार्दो हळूच म्हणाला, “घरी इतक्या वर्षांत एकदाही अशी कशी लागली नाही?”

निबियाने क्षणभर त्याचं माप घेतलं. “घरी तू संस्कृतीवर एक वाक्य बोलतोस आणि सात मिनिटांत ताट रिकामं करतोस. गार कधी होणार? गार व्हायला दोघांनी बोलावं लागतं.”

वाल्देमारने पिवळं कार्ड खिशात ढकललं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. टेबलाखाली कुएन्ता कुणाचा तरी बूट चाटत होती. दार्दो बराच वेळ नॅपकिनची घडी घालत राहिला.

“मीटरवर बोललं तर चालेल?” शेवटी त्याने विचारलं.

“पुढच्या एकोणतीसला,” ती रिकामं भांडं उचलत म्हणाली. “बघू, किती गार होतेय ते.”

ती आत गेली. दार्दोला आतून काहीतरी उचंबळून आलं. तो डाव्या गुडघ्याला न जुमानता उभा राहिला, ग्लास उंच धरला, आणि मित्रांकडे, वेटरकडे आणि कुत्रीकडे बघून गंभीर आवाजात म्हणाला:

“मित्रहो! ज्या दिवशी ‘एल तिमोन’ बंद झालं, त्या दिवशी मला वाटलं होतं की या शहराची...”

“दार्दो,” आतून निबियाचा आवाज आला, “बुडाला चिकटलेलं निघत नाहीये. आधी येऊन हे भांडं भिजत घाल.”