घडीचा फोन आणि चार वेळा तुटलेल्या विहीणबाई

कुरामोची कान्जी स्वतःविषयी बोलायला लागले की समोरच्याने बूड टेकून बसावं हे बरं.

"उंची मध्यम, पण नजर उंच," ते सुरुवात करत. "माणसाच्या नुसत्या चपला पाहिल्या की मला त्याचा धंदा, त्याचा संसार आणि त्याने दुपारी काय खाल्लं, हे तिन्ही कळतं. आपल्या कुरायोशी शहरात गुन्हे का होत नाहीत? पोलिसांमुळे? नाही. मी इथे राहतो म्हणून."

ही नजर घडली ती रेल्वेच्या हरवले-सापडले विभागात. तिथे चौतीस वर्षांत त्यांच्या हातांखालून अकरा हजार छत्र्या, नऊ कवळ्या आणि एक जिवंत बदक गेलं. बदकाचा मालक त्यांनी स्वतः शोधून काढला होता. म्हणजे मालक बदक शोधत खिडकीशी आला आणि कान्जींनी त्याला ओळखलं. त्याच्या हातात रिकामा पिंजरा होता.

निवृत्तीनंतर त्यांनी बहिणीच्या तोफूच्या दुकानात एका स्टुलावर कचेरी थाटली आणि कार्डं छापून घेतली. 'कुरामोची कान्जी. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. वेळ सकाळी दहा ते बारा. तोफू संपल्यास बंद.' शेवटची ओळ बहिणीने, म्हणजे तोमिएने घालायला लावली होती. ती एकसष्ट वर्षांची, पहाटेपासून सोयाबीन वाटून दुकान चालवणारी बाई. भावाने तिला न विचारता सहायक नेमलं होतं. सहायकाचं काम म्हणजे चहा देणं, वही धरणं आणि नंतर लोकांची माफी मागणं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी हात्सुए दुकानात आली. तोमिएची ती शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यापासून किमोनो शिवून तिने एकटीने मुलीला वाढवलं होतं. तिने गल्ल्याशेजारी एक मरून रंगाचा फोन ठेवला. घडीचा, उघडला की आत मोठ्या मोठ्या बटणांचा, आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त. जुन्या फोनचं नेटवर्कच बंद होणार म्हटल्यावर दोन महिन्यांपूर्वी तिने तो घेतला होता.

"तोमिए, हा माझ्या कानाकोचं लग्न मोडणार बघ," ती म्हणाली.

कान्जींनी चहा खाली ठेवला. "केस?"

"फोन चांगला आहे हो कान्जीदादा," हात्सुए लगबगीने म्हणाली, जणू फोन ऐकत होता. "आकडे चष्म्याशिवाय दिसतात. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको. निरोप आला की आतली बाई वाचून दाखवते. फोटो काढला की त्यात माझा अंगठा येतो, पण तो माझाच दोष. फक्त विहीणबाईंचा फोन आला की तो मध्येच बंद पडतो."

विहीणबाई म्हणजे मात्सुए शहरातल्या नागासे सुमियो. त्यांच्या मुलाशी कानाकोचं ठरलं होतं आणि वसंतात लग्न होतं. जुनं, नावाजलेलं मिठाईचं घराणं. नागासेबाई अशा मोजून मापून बोलणाऱ्या की नुसतं हवापाणी विचारायला त्यांना पाच वाक्यं लागायची. तीन आठवड्यांत त्यांनी तीनदा फोन केला होता आणि तीनही वेळा मुद्द्यावर येता येता तो तुटला होता. हात्सुएने उलटा फोन लावला की घरातलं कोणीतरी सांगायचं, बाई कामात आहेत.

"काल होणाऱ्या जावयाने कानाकोला विचारलं," हात्सुए खाली बघत म्हणाली. "तुझी आई माझ्या आईचं बोलणं अर्ध्यावर का तोडते म्हणून. मी? मी तोडते?"

तोमिएने हात पुसले. हात्सुए रडत नव्हती, हेच तिला जास्त लागलं.

"आणखी कोणाचे तुटतात?" कान्जींनी विचारलं. त्यांनी फोनबरोबर आलेली माहितीपुस्तिका तिच्याकडून मागून घेतली आणि न उघडता पाकिटात घालून चिकटवून टाकली. "पुरावा. याला आता कोणी हात लावायचा नाही."

"देवळातल्या गुरुजींचा तुटला. डॉक्टरांचा तुटला. नगरपालिकेतल्या साहेबांचा दोनदा. पण माझ्या बहिणीचा नाही. मासेवाल्याचा नाही. तोमिएशी तर मी तासतासभर बोलते."

"म्हणजे हा फोन," कान्जी हळूच म्हणाले, "फक्त प्रतिष्ठित माणसांचा अपमान करतो."

संध्याकाळी त्यांनी स्वतः चाचणी घेतली. घरी गेलेल्या हात्सुएला दुकानातून फोन लावून आवाज बारीक केला आणि नागासेबाई असल्याचं सोंग घेतलं. हात्सुए चाळीस मिनिटं बोलली. फोन एकदाही तुटला नाही. "माझ्यापुढे त्याची हिंमत झाली नाही," कान्जींनी वहीत नोंद करायला सांगितली. तोमिएने केली.

पहिला संशयित ठरला चष्म्याच्या दुकानाचा मालक साकुमा. त्याने सहा वर्षांपूर्वी कानाकोला मागणी घातली होती. कान्जींनी त्याच्यावर दोन दिवस पाळत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी नवा चष्मा लावून परतले.

"तो निर्दोष आहे," ते म्हणाले. "पण माझा नंबर वाढलाय म्हणाला. तपास करणाऱ्याच्या डोळ्यांत रोखून बघायची ही कुठली पद्धत?"

दुसरा संशय वाईट निघाला. शुक्रवारी त्यांनी हात्सुएला तोंडावर सांगितलं की फोन नागासेबाईच कापत असणार. त्यांना लग्न नको आहे, पण तसं म्हणायचं नाही, म्हणून हा मार्ग.

हात्सुए उठली. तोफू न घेताच घरी गेली.

"दादा," तोमिए म्हणाली, "गुरुजींनाही लग्न नकोय का? आणि डॉक्टरांना?"

कान्जींनी नवा चष्मा काढून पुसला. "तो एक कच्चा दुवा आहे," त्यांनी कबूल केलं.

त्या संध्याकाळी तोमिए हात्सुएकडे गेली. ती खिडकीशी मांडी घालून शिवत होती, खांदे कानांपर्यंत चढलेले. मांडीवर पांढरंशुभ्र रेशीम होतं. तोमिएला बघून तिने त्यावर चादर ओढली.

"कोणाचं गं?"

"कोणाचं नाही. त्यांच्या घरात नवरीचे कपडे भाड्याने आणायची पद्धत असेल. मी आपलं शिवतेय."

तोमिएने आणलेले तोफूचे चिकुवा, म्हणजे वाफवलेल्या नळ्या, कापले आणि दोघींनी ते उभ्याउभ्याच खाल्ले.

शनिवारी हात्सुए तोफू घ्यायला आली होती, तेवढ्यात कान्जी दुकानात आले ते अनवाणी. चपला घालायचं भान राहिलं नव्हतं.

"लागला शोध," ते म्हणाले. "चोर फोनच्या आत आहे. ती निरोप वाचणारी बाई. ती सगळं ऐकत असते. हात्सुए, मोठ्या माणसांशी बोलताना तू काय म्हणतेस? 'माफी असावी.' आणि आपण फोन ठेवताना काय म्हणतो? 'माफी असावी.' ती बापडी समजते संभाषण संपलं, आणि दार लावून घेते. मासेवाल्याची तू कधी माफी मागतेस? माझी मागतेस?"

हात्सुएने विचार केला. "नाही हो."

"बघ."

तोमिएला वाईट एवढंच वाटलं की या वेळी ते पटण्यासारखं होतं. उपायही लगेच ठरला. 'माफी असावी' नाही, 'आपण' नाही, 'कृपा' नाही. विहिणीशी मासेवाल्याशी बोलतात तसं बोलायचं. हात्सुए नको नको म्हणत होती, पण इतक्यात फोन वाजला आणि बाहेरच्या छोट्या पडद्यावर नाव आलं. नागासे.

हात्सुए उभी राहिली, घसा साफ केला, फोन उघडून कानाला लावला.

"हां, कोण, सुमियो का?" ती म्हणाली. "बोल. काय काम काढलंस?"

पलीकडे अशी शांतता पसरली की ती तोमिएला गल्ल्यापलीकडून ऐकू आली. हात्सुएचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. शरमेने ती कमरेत वाकली, आणखी वाकली, कपाळ पार तोफूच्या टाकीला टेकेपर्यंत वाकली. मग तशीच राहिली.

"तुटला," ती टाकीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानाकोचा निरोप आला. नागासेबाई अकराच्या गाडीने स्वतः येत होत्या.

कान्जींनी कोट चढवला. तोमिएने दुकान बंद करून चिकुवाचा डबा घेतला. रविवारचं दुकान तिने अठरा वर्षांत पहिल्यांदा बंद केलं. हात्सुएच्या घरी पोचताच तिने पहिली गोष्ट पाहिली ती ही, की मिठाईवाल्या नागासेबाई रिकाम्या हाताने आल्या होत्या. साठीची, ताठ कण्याची, राखाडी किमोनोतली बाई. चहाला त्यांनी हात लावला नव्हता.

"मी तक्रार करायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "चारदा फोन तुटला. चौथ्यांदा मला 'सुमियो' म्हणून हाक मारली गेली. माझी आई गेल्यापासून मला असं कोणी म्हणालं नव्हतं. मला फक्त समजून घ्यायचंय, की आपल्याला हे लग्न मान्य नाही का."

"बाई, इथे मी खुलासा करतो," कान्जी पुढे सरसावले आणि उघडा फोन आरोपीसारखा वर धरला. "या यंत्राच्या आत एक स्त्री..."

"दादा, खाली बसा," तोमिए म्हणाली.

हात्सुए चटईवर दोन्ही हात टेकून कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली. वाकताना तिच्या गळपट्टीतून एक काळी, बारीक मण्यांची माळ बाहेर घसरली आणि लोंबत राहिली.

नागासेबाई माळेकडे बघत राहिल्या.

"खांदे दुखतात?" त्यांनी विचारलं.

हात्सुएने मान वर केली. "फार. शिवणामुळे. औषधाच्या दुकानात म्हणाले, चुंबकाची माळ घाला, रक्त फिरतं."

"माझेही दुखतात. माझ्याकडे हीच माळ होती. तो फोन द्या बघू." त्यांनी कान्जींच्या हातातून फोन घेतला, बटण दाबून पडदा उजळला आणि तो माळेजवळ नेला. पडदा काळा झाला. लांब नेला, पुन्हा उजळला. "मिटलाय की उघडा, हे असल्या फोनला आतल्या चुंबकावरून कळतं. जवळ दुसरं चुंबक आलं की त्याला वाटतं आपण मिटलो. माझाही घडीचाच आहे. मला मुलाने सांगितलं. पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे म्हणे, चौकटीत."

कोणीही कान्जींकडे पाहिलं नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून चिकटवलेलं पाकीट काढलं, फोडलं, पहिलं पान वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं.

"पण मग माझा फोन का नाही तुटला?" ते म्हणाले. "आणि मासेवाल्याचा?"

तोमिएच्या डोळ्यांपुढे तोफूच्या टाकीला टेकलेलं कपाळ आलं. "हात्सुए," तिने विचारलं, "तू फोनवर बोलताना वाकतेस?"

"मोठ्या माणसांशी बोलताना वाकतेच की. गुरुजी आहेत, डॉक्टर आहेत. आपोआप होतं." ती थांबली. "माळ पुढे येते तेव्हा."

"आणि माझ्याशी बोलताना?" कान्जींनी विचारलं.

"तुमच्याशी मी शेंगा सोलत होते, कान्जीदादा."

कान्जींनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या बहिणीने चिकुवाची बशी मुद्दाम आधी त्यांच्यापुढे सरकवली, आणि त्यांनी एक उचलून सावकाश खाल्ला.

नागासेबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. "म्हणजे मला फोनवर नमस्कार करता करता..." त्यांनी तोंडावर बाही धरली. खांदे हलायला लागले. ताठ कण्याची बाई हसत होती, आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. हात्सुएला आधी काय करावं कळेना, मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता आठवडाभराचं रडू आलं.

"पण आपण सांगत काय होता?" तिने डोळे पुसत विचारलं. "चारही वेळा?"

नागासेबाईंनी कपडे सावरले. "आमच्याकडे नवरीचा पांढरा पोशाख भाड्याने आणतात. कानाको बोलता बोलता म्हणाली की आई काहीतरी पांढरं शिवतेय आणि विचारलं की लपवते. मला विचारायचं होतं, की ते आमच्या सुनेसाठी असेल तर... भाड्याच्या दुकानाला मी नाही म्हणून कळवू का. एवढं विचारायला मला फार वेळ लागतो. तोवर आपण वाकलेल्या असायच्या."

हात्सुए उठली. आतल्या खोलीतून पांढरं रेशीम दोन्ही हातांवर घेऊन आली आणि विहिणीपुढे पसरलं. एक बाही अजून जोडायची होती. नागासेबाईंनी चष्मा काढून लावला, बोटाने टाका चाचपला. मग त्या म्हणाल्या, "बाही राहिलीय ती माझ्यासमोर जोडा. मला बघायचंय."

त्या चारच्या गाडीने गेल्या. जाताना हात्सुएला म्हणाल्या, "आणि ते 'सुमियो'च राहू दे. कानाला बरं वाटलं."

कान्जी घरी जायला तयार नव्हते. फोन प्रत्यक्ष टिकलेला पाहिल्याशिवाय केस बंद करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून तोमिएही थांबली. साडेपाचला फोन वाजला. हात्सुएने माळ काढून चहाच्या टेबलावर ठेवली, फोन उघडला आणि पहिल्याच वाक्याला कमरेत वाकली.

तुटला नाही.

नागासेबाई सुखरूप पोचल्या होत्या. पोचल्यावर गाडीतल्या गर्दीविषयी सांगितलं, मग हवेविषयी, मग बाहीविषयी, मग पाहुण्यांच्या यादीविषयी, मग यादीतल्या एका आत्याच्या पोटदुखीविषयी. हात्सुए वाकत होती, हो म्हणत होती, पुन्हा वाकत होती. कान्जी घड्याळ धरून बसले होते. एक तास झाला. मग सव्वा तास. चुलीवरच्या भाताचा वास यायला लागला.

हात्सुएने फोनवर हात धरला. "त्या थांबतच नाहीत गं," ती कुजबुजली. "आता कसा ठेवायचा?"

तोमिएने टेबलावरची माळ बोटाने तिच्याकडे सरकवली.

हात्सुएने माळेकडे पाहिलं. क्षणभर खरंच विचार केला. मग फोन पुन्हा कानाला लावला, आत्याच्या पोटदुखीसाठी खोल वाकली, आणि तशीच वाकलेल्या अंगाने दोघांना हाताने खुणावलं की तुम्ही जेवून घ्या.