सासऱ्यासाठी हलवलेला सामना

नेव्हिल सगडनने आयुष्यातली पहिली लबाडी सासऱ्यासाठी केली. (जावयाने सासऱ्याचं भलं करायला जावं आणि ते अंगाशी यावं, हे यॉर्कशायरमध्येही चुकत नाही.)

नेव्हिल रग्बी लीगच्या ऑफिसात सामन्यांचं वेळापत्रक लावायचा. कुणी कुणाशी कधी आणि कुठे खेळायचं, मध्ये किती दिवस विश्रांती, फ्रान्समधल्या क्लबाकडे लांबच्या सामन्याला कुणाला कधी पिटाळायचं, सगळं त्याच्या हातात. न्यायाची त्याची व्याख्या सरळ होती: सगळ्या क्लबांनी सारख्याच शिव्या दिल्या म्हणजे वेळापत्रक नीट झालं. एखाद्या क्लबाची शिवी यायची राहिली तर बिचाऱ्याला जेवण जायचं नाही.

राहायला तो हॅलबीत. हा माणूस शेजारच्या थॉर्पलीला विकला गेलाय हे हॅलबीत शेंबडं पोरही सांगायचं. तो हॅलबीचाच आहे हे थॉर्पलीत पाळण्यातली पोरं सांगायची. सॉसेज आणायला गेला तरी खाटीक सुरी पुसत विचारायचा, "आमच्या पोरांना धड विश्रांती न देता पुन्हा मैदानात उतरवलंस. तुला शिळं मटण देऊ का, बघ चालतंय का?"

तर त्याचा सासरा हेडली. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, खाण बंद झाली तरी कोळसा छातीत राहिलेला. नेव्हिलच्याच घराच्या पुढच्या खोलीत पलंगावर पडून असायचा, उशाशी ऑक्सिजनची टाकी. डॉक्टर दारात थांबून हळूच सांगून गेले होते, वसंत बघतील, पुढचं धरून चालू नका. हेडलीला आता एकच हवं होतं. गुड फ्रायडेचा हॅलबी-थॉर्पली सामना मैदानात बसून बघायचा.

हा सामना एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. यंदा तिथे. आणि थॉर्पलीच्या मैदानात पाय ठेवणार नाही अशी हेडलीची तरुणपणापासूनची शपथ, कारण तिथे त्याला एकदा मध्यंतरात गार चहा मिळाला होता. (थॉर्पलीकरांचं म्हणणं, चहा गरमच होता, हा उशिरा आला.) दोघांचा दुसरा सामना हॅलबीत होता, पण तो ऑगस्टात. डॉक्टर ऑगस्टचं नावही काढत नव्हते.

"मग गुड फ्रायडेचा इथे आण," नेव्हिलची बायको डॉरीन भांडी घासता घासता म्हणाली.

"अगं, यंदा त्यांची पाळी आहे."

"बाबांचीही पाळीच आलीये, नेव्हिल."

ती पाठमोरी होती. तिचे खांदे हलत होते आणि नळ उगाच वाहत होता. लग्न झाल्यापासून तिने त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने सामना हॅलबीला आणला. पण सवय वाईट. थॉर्पलीवर अन्याय झाला म्हटल्यावर त्याला चैन पडेना, म्हणून भरपाईदाखल त्याने ऑगस्टचा सामना थॉर्पलीला दिला, वर त्यांना गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात सुट्टीही दिली. तरी तराजू कलता वाटला. मग त्याने हॅलबीला आदल्या रविवारी फ्रान्सला धाडलं. म्हणजे घरचं मैदान हॅलबीचं, आणि अंग मोडलेले खेळाडूही हॅलबीचेच. आता कसं बरोबर झालं, असं म्हणून तो खुशीत घरी आला.

वेळापत्रक पेपरात छापून आलं. हेडलीने ते भिंग लावून वाचलं.

"मागच्या वर्षी इथे, यंदाही इथे?" त्याने धाप टाकत विचारलं. "पाळी तर त्यांची."

"ते काय झालं बाबा, थोडी अडचण..."

"माझ्यासाठी केलंस?"

डॉरीन पडद्याच्या घड्या सारख्या करायला लागली.

"अरे पोरा, लोक तुला चोर म्हणायचे ना, तेव्हा क्लबात टेबलावर मूठ आपटून मी सांगायचो, माझा जावई मूर्ख आहे, पण चोर नाही." हेडलीने नळी नाकाशी धरून दोन श्वास घेतले. "निम्मं तरी खरं राहिलं म्हणायचं."

"बाबा, आता झालं ते झालं," डॉरीन म्हणाली. "तुम्हाला जायचंय ना सामन्याला?"

"चोरीच्या सामन्याला मी जाणार नाही. थॉर्पलीवाले हलकट आहेत, पण पाळी त्यांची आहे."

चार दिवस म्हातारा कुणाशी बोलला नाही. सूपही परत पाठवलं. डॉरीन नेव्हिलकडे अशी बघायची की जणू त्यानेच ते बेचव केलं. शेवटी पाचव्या दिवशी हेडलीने तोडगा सांगितला. मैदान हॅलबीचं, म्हणजे शपथ मोडत नाही. सामना हक्काने थॉर्पलीचा, म्हणजे आपण त्यांचे पाहुणे. तेव्हा बसायचं ते थॉर्पलीच्या लोकांत.

"आणि खुर्ची तू ढकलायचीस," तो नेव्हिलला म्हणाला.

गुड फ्रायडेला नेव्हिल सासऱ्याची चाकाची खुर्ची आणि टाकी घेऊन पाहुण्यांच्या स्टँडमध्ये शिरला. समोरच्या स्टँडमधून अख्ख्या हॅलबीने ते पाहिलं. "बघा! मी म्हणत नव्हतो?" खाटकाचा आवाज मैदान ओलांडून आला. एवढ्यात थॉर्पलीच्या एका धिप्पाड गृहस्थाने नेव्हिलला ओळखलं. "आमचा गुड फ्रायडे गिळलास तो तूच ना?" दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण नेव्हिलला उपाशी कुणी ठेवलं नाही. व्हिनेगरने थबथबलेल्या बटाट्याच्या चिप्स दोन्हीकडून त्याच्या अंगावर येऊन पडत होत्या.

हेडलीला मात्र कुणी बोललं नाही. थॉर्पलीच्या एका बाईने त्याच्या पायांवर घोंगडी टाकली आणि थर्मासमधला चहा दिला. त्याने घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गरम आहे." मग नळी बाजूला करून हॅलबीच्या कप्तानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फ्रान्सहून आलेली पोरं उभ्याने झोपत होती. हॅलबीने मार खाल्ला तो असा की घरच्या लोकांनी शेवटी मोजायचं सोडलं.

"काय चोपलं रे आपल्याला," घरी येताना हेडली म्हणाला. हसता हसता त्याला उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. पण चेहरा समाधानी होता. नेव्हिलला त्या रात्री जेवण गेलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी डॉरीन औषधं आणायला गेली होती. हेडलीने बोटाने नेव्हिलला जवळ बोलावलं. नेव्हिल पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. आता म्हातारा क्षमा करणार, निदान बरा शब्द बोलणार, म्हणून त्याचे डोळे आधीच भरून आले होते.

"पुढची दोन वर्षं," हेडली कुजबुजला, "त्यांच्याकडे."

आणि गेला.

डॉरीन आली ती कोटही न काढता पलंगाच्या कडेला बसली. तिने बापाचे केस नीट केले. रडली नाही.

"काही बोलले?" तिने विचारलं.

नेव्हिलने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आयुष्यातली दुसरी लबाडी केली. "म्हणाले, माझ्या डॉरीनला सांभाळ."

डॉरीनने वळून त्याच्याकडे पाहिलं. "माझे बाबा असं बोलतील होय? खरं सांग. सामन्याचं काय म्हणाले?"

नेव्हिलने सांगितलं. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. नेव्हिलने तिला जवळ घेतलं, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून कितीतरी वेळ हुंदके देत राहिली.

"त्यांचं ऐक रे," मग ती नाक पुसत म्हणाली. "तुला वेळापत्रक कधी जमलंच नाही."