ओलीस नवरा आणि एक नंबरचा बिल्ला

माणसानं आवाज चढवला नाही, राग गिळला आणि खोटं बोलायचं टाळलं, की जगातलं कुठलंही भांडण चुटकीसरशी मिटतं! मालवाहू अंतराळयान चालवताना गेली एकोणीस वर्षं मी ज्याला त्याला हेच सांगत आले आहे. एवढ्या वर्षांत मी एकदाही कुणावर ओरडलेले नाही. नणंद म्हणते, "वहिनी, तुझा हुकूम ऐकायचा तर कान तुझ्या तोंडाशी न्यावा लागतो!" पण हुकूम पाळला जातो ना? मग झालं तर!

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. हसायचं असेल तर हसा, माझी हरकत नाही.

आमच्या यानावर माणसं तीनच. कप्तान मी, इंजिन आमच्या ह्यांच्याकडे आणि संदेशयंत्रापाशी नणंद. तिचा आवाज असा, की यंत्र बंद पडलं तरी पलीकडच्या यानाला ऐकू जावा! सगळे तिला 'कर्णा' म्हणतात आणि तिला ती पदवी वाटते. यानाच्या पोटात बियाण्याच्या बटाट्यांची चारशे पोती. ती स्थानकावर उतरवायची होती. पण तिथे धक्का एकच आणि यानांची रांग मारुतीच्या शेपटासारखी! रांगेतल्या प्रत्येकाला पितळी बिल्ला मिळतो. ज्याच्या हातात एक नंबरचा बिल्ला, तो आधी धक्क्याला लागणार. अकरा दिवस ताटकळल्यावर तो बिल्ला आमच्याकडे आला होता. मी तो देवापुढे ठेवला होता. बटाट्यांना कोंब फुटायला लागले होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का मोकळा होणार होता.

आमच्यामागे दोन नंबरला होता गोडबोल्या. हे त्याचं नाव नव्हे, पण खरं नाव बहुतेक त्याच्या आईलाही आठवत नसेल. साबणाचा माल नेतो आणि बोलतोही साबणासारखंच. ऐकणारा घसरलाच म्हणून समजा! दोन वर्षांपूर्वी ह्याच रांगेत त्यानं मला सांगितलं होतं, "कप्तानबाई, तुमचं इंधन गळतंय हो!" मी घाबरून यान बाजूला घेतलं, तपासलं, परत आले, तर माझ्या जागेवर हा! वर हात जोडून म्हणतो, "बरं झालं, गळत नव्हतं ना? माझा जीव टांगणीला लागला होता!"

माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं. नेम तीन. खोटं बोलायचं नाही. दुपारी चार ते पाच मौन. त्यात लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच. खुणांना तेवढी मुभा. आणि तिसरा नेम, जेवण उकडलेलं, बिनमिठाचं, बिनतेलाचं. सात वर्षांत एका दिवसाचा खंड नाही! आता नेम माझे एकटीचे. पण यानात शेगडी एक, पातेलं एक, तेव्हा पुण्यात त्या दोघांचा वाटा आपोआपच पडत होता. कुणाची तक्रार नव्हती. नणंद प्रत्येक घास डोळे मिटून गिळायची. मी समजत होते, भक्तीनं.

रांगेत यानं शेजारी शेजारी उभी असली की मध्ये नळी जोडतात आणि शेजारधर्म सुरू होतो. आमचा पाना हरवला होता, म्हणून हे पाच दिवस गोडबोल्याकडून पाना आणत होते. सकाळी मागायला जायचे, दुपारी परत द्यायला जायचे. मी म्हटलं, "एकदाच काय तो ठेवून घ्या ना!" तर म्हणाले, "छे गं! लोकांची वस्तू रात्रभर आपल्याकडे बरी दिसत नाही." केवढा सरळ माणूस! मला अगदी भरून आलं. फक्त त्यांच्या पोशाखाची चेन लागेनाशी झाली होती. मी म्हटलं, धुण्यात आटला असेल.

त्या दिवशी पाचाला दहा मिनिटं कमी होती. मी मौनात डोळे मिटून बसले होते. नणंद धावत आली. "वहिनी! गोडबोल्या पडद्यावर आलाय! चल लवकर!"

मी गेले. पडद्यावर गोडबोल्या हसत होता.

"नमस्कार कप्तानबाई! तब्येत बरी ना? हे बघा, गैरसमज नको. तुमचे यजमान माझ्याकडे आहेत."

तो बाजूला झाला. मागे खुर्चीत आमचे हे! छातीपासून गुडघ्यांपर्यंत दोर गुंडाळलेला आणि मान खाली. बावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला मी कधी साधा गळपट्टासुद्धा आवळून बांधू दिला नाही, आणि हा दोर!

"एक नंबरचा बिल्ला नळीतून पाठवा आणि यजमान घेऊन जा," गोडबोल्या म्हणाला. "अगदी घरचा व्यवहार! नाहीतर मी नळी काढतो आणि ह्यांना घेऊन निघतो दूरच्या फेरीला. तीन वर्षांची फेरी आहे हो."

तीन वर्षं! मौन मोडावं? ओठ उघडले, परत मिटले. दहाच तर मिनिटं! पाचाचा ठोका पडेपर्यंत त्याला थोपवायचं. मी हाताचा पंजा वर केला, थांबा म्हणून.

नणंदेनं पंजा पाहिला. तिचे डोळे चमकले.

"ऐक रे गोडबोल्या!" तिनं असा आवाज लावला की पडदा थरथरला. "कप्तान म्हणतेय, पाच! पाच मिनिटांत तुझ्या यानाच्या चिंध्या करणार!"

मी दचकले. दोन्ही हात जोरजोरात हलवले, नाही, नाही!

"दोन्ही बाजूंनी मारा करणार म्हणतेय!"

मी कपाळाला हात लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, की बाई, पाच तरी वाजू दे!

"घड्याळ लावूनसुद्धा झालंय!"

शेवटी मी काकुळतीनं तिच्यापुढेच हात जोडले.

"आणि म्हणतेय, देवाचं नाव घे! शेवटचं!"

आमच्या यानावर हत्यार म्हणाल तर बटाटे सोलायची एक सुरी, तीही बोथट! पण हे गोडबोल्याला कुठे ठाऊक? त्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओल्या साबणासारखं निसटलं. तुम्ही विचाराल, तुमचा खोटं न बोलण्याचा नेम कुठे गेला? अहो, मी खोटं बोलतच नव्हते. मी मुळी बोलतच नव्हते!

"कप्तानबाई, तुमचे यजमान आत आहेत! त्यांच्यासकट उडवणार?"

मी काहीच बोलले नाही. बोलणार कशी?

"बघ, बघ तिची नजर!" नणंद गरजली. "एकोणीस वर्षांत ओरडली नाही ती! सगळं साठवून ठेवलंय तिनं!"

तेवढ्यात खुर्चीतून किंकाळी आली. "अगं थांब! मी आहे ना इथे!" आणि आमचे हे ताडकन उभे राहिले. दोर सळसळत पायाशी पडला. त्याला गाठच नव्हती! दोन्ही हात वर करून ते शरण आले. डाव्या हातात बशी होती. उजव्या हातात बटाट्याचा तळलेला काप होता, चांगला खरपूस, अर्धा खाल्लेला.

नणंदेनं पडद्याला नाक लावलं.

"दादा," ती म्हणाली, "तो बटाटा आपला आहे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी फक्त बघत होते हो, दुसरं करणार काय? पण गप्प माणसापुढे दुसऱ्याच्या तोंडाला कसा पाझर फुटतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"अगं, रोज थोडेच नेत होतो," हे भडाभडा बोलायला लागले. "चार-पाच. पोशाखात मावतील तेवढे. हा तळून देतो. मीठ घालून! पाना कधी हरवलाच नव्हता, माझ्या गादीखाली आहे. आज जरा उशीर झाला, म्हणून ह्याला म्हटलं, तिला काहीतरी कारण सांग. तर हा म्हणाला, दोर गुंडाळून बसा, जरा गंमत करू. बिल्ल्याचं काही बोलला नव्हता गं! देवाशपथ!"

मी गोडबोल्याकडे वळले. त्याच्याकडेही नुसतं पाहिलं.

"असं बघू नका हो," तो चाचरत म्हणाला. "ते आपण होऊन बसले! मी बांधलं असतं तर पाच दिवस आले असते का?"

मग मात्र तो सावरला. एवढ्या बोलण्यात आपलं यान अजून उडालेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं मागे हात नेऊन एक कळ दाबली. नळीचं दार धाडकन बंद झालं.

"गंमत संपली," तो म्हणाला. आवाजात आता साबण नव्हता. "दार माझ्या किल्लीशिवाय उघडत नाही. आता हे खरेच ओलीस. बिल्ला द्या."

ह्यांच्या हातातला काप खाली पडला. माणूस खरंच घाबरला की कळतं हो बायकोला.

आणि पाचाचा ठोका पडला.

"आता बोल, वहिनी!" नणंद कुजबुजली; म्हणजे दोन यानांपलीकडे ऐकू गेलं असेल एवढंच. "घाबरलाय तो! एकच वाक्य टाक!"

गोडबोल्यानं डोळे बारीक केले. तो मला ओळखून होता. "कप्तानबाई, तुम्ही खोटं बोलत नाही, सगळी रांग जाणते. तुम्हीच सांगा. पाच मिनिटांत माझ्या यानाच्या चिंध्या करणार होता?"

मी घसा साफ केला.

"नाही," मी म्हणाले. "मी 'थांबा' म्हणत होते."

"जरा मोठ्यानं बोला!"

"थांबा म्हणत होते!"

"आणि तोफा?"

"एक सुरी आहे. तिला धार नाही."

नणंद मटकन खाली बसली. "वहिनी! अगं, आजच्या दिवस तरी!"

गोडबोल्याला हसू आवरेना. मी देवापुढचा बिल्ला उचलला.

"वहिनी, अकरा दिवस उभे आहोत आपण!"

"आणि संसार बावीस वर्षांचा आहे," मी म्हटलं. "दार उघडा, गोडबोले. हे नळीत पाय ठेवतील तेव्हाच मी बिल्ला सोडेन. आणि त्यांना पोशाख नीट घालायला मदत करा. चेन अडकते."

पुढचं सगळं रीतसर झालं. इकडून बिल्ला गेला, तिकडून नवरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडबोल्या एक नंबरनं धक्क्याला लागला, दुपारपर्यंत साबण उतरवला आणि शिटी वाजवत निघून गेला. बिल्ला हातचा गेला की रांगेच्या शेपटाशी जायचं, हा तिथला नियम, तेव्हा आम्हाला शेवटचा नंबर मिळाला. म्हणजे आणखी नऊ दिवस.

तो गेला त्या दुपारी हे माझ्यासमोर येऊन बसले. पोशाखातून दोन कच्चे बटाटे काढून टेबलावर ठेवले, चोरीचा माल जमा करावा तसे.

"रागावलीस?"

"राग सोडलाय मी," मी म्हटलं. "पण अहो, सात वर्षांत एकदा तरी सांगायचं."

"कधी सांगणार? मौनात तू बोलत नाहीस. मौन सुटलं की माळ असते. माळ झाली की जेवण वाढतेस, आणि वाढताना इतकी समाधानी दिसतेस की..." त्यांनी बटाटे माझ्याकडे सरकवले. "अगं, व्रत तुझं आणि उपास आमचा!"

"आमचा!" दाराबाहेरून नणंदेचा आवाज आला. बाई भिंतीला कान लावून उभी होती!

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पुण्याचा हिशेब मी माझ्यापुरता ठेवला होता; भोगणारे हे दोघे, हे मेलं लक्षातच आलं नाही. त्याच क्षणी मी ठरवलं. माझं पातेलं वेगळं. ह्यांच्यासाठी तेल आणि मीठ शेजारच्या यानातून मागून आणलं, कढई आणली आणि सात वर्षांनी तळण करायला उभी राहिले. मिठाचा अंदाज राहिला नव्हता, म्हणून ते ओंजळीनं घातलं. चव घेऊन बघायची सोय नव्हती, नेम आड येत होता. तेल धुरावलं, मी बटाटे सोडले. ते बाहेरून कोळशासारखे झाले आणि आत मात्र, नणंद म्हणते तसे, 'अजून पेरता आले असते'!

तरी बशी सजवली. ह्यांच्यापुढे ठेवली. पदराला हात पुसत उभी राहिले. जो माणूस दुसऱ्याच्या यानात पळून जेवायला जातो, त्याला आपल्या यानात बसवून खाऊ घालण्यासारखं सुख नाही!

ह्यांनी एक काप उचलला. कडाड आवाज झाला, दात की बटाटा ते कळलं नाही. बराच वेळ ते चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, गहिवरले.

मग त्यांनी पाण्याचा अख्खा पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि अगदी हळू, माझ्यापेक्षाही हळू आवाजात विचारलं,

"तो गोडबोल्या फार लांब गेला असेल का गं?"

मी अजिबात रागावले नाही. फक्त आणखी एक बशी भरून वाढली.