मोठा मासा लागल्याचं दुःख

दसऱ्याचा दुसरा दिवस. मी तोरणातला सुकलेला झेंडू काढत होते, तेवढ्यात शेजारचे बाळारामदादा हातभर लांबीचा मरळ घेऊन, तोंड पाडून आले. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला म्हणून रडवेला झालेला माणूस मी प्रथमच पाहिला.

राहनाळला दादांच्या जमिनीवर गोदामं आहेत. भाडं घरबसल्या येतं, पण दादा घरी बसत नाहीत. सकाळी गळ घेऊन शेलार गावाच्या पुढे नदीवर. निघताना कोणी 'कुठं चाललात?' विचारलं की संपलं. मागे फिरतात, पाटावर बसतात, घोटभर पाणी पितात आणि मगच पुन्हा निघतात. गोदामांच्या नव्या वॉचमनने फाटकाशी दर वेळी आपुलकीने 'चाचा, किधर?' विचारलं, तेव्हा शेवटी दादा मागची भिंत चढून गेले.

पावसाळ्यात नदी शेतात शिरली की ते बांधावर टोपली लावतात. 'पाव्हनं आपल्या पायानं येतान, आपुन निस्ती टोपली धरायची.' नवरात्रापासून पाणी निवळतं, मग गळ. थंडीत मासा नाही लागला तरी पाठीला ऊन लागतं, तेवढ्यावर खूश. उन्हाळ्यात डोहात उतरून खडकाखाली हात घालतात आणि गुदगुल्या झाल्यासारखे एकटेच हसतात.

मला राग यायचा. घरात हिरावहिनी अर्धांगाचा झटका आल्यापासून खुर्चीत, तोंडातून शब्द नाही. 'बोलतं ठेवा, नाहीतर वाचा जाईल,' असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि हे नदीवर. शिवाय मोठे मासे शेजारी वाटायचे, घरी न्यायचा तो बोटाएवढा.

एकदा मी सुनावलंच, "दादा, आम्हाला मासा आणि वहिनींना नुसता काटा?"

"चल गो सुनंदा, बघ."

त्यांनी वहिनींपुढे ताटलीत तो मासा ठेवला. वहिनींचे ओठ थरथरले. मग अगदी जुन्या ठसक्यात, "एवराच?"

"एवराच लागला गो."

"सकालपासून... काय केलं?"

दादा लाजून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "मोठा नेला तं ती खूश होते आन् गप बसते."

म्हणून मरळ बघून ते हवालदिल. लहान एकही लागला नव्हता, आणि रिकामे हात बघून वहिनी बोलायच्या नाहीत. विकतचा आणायचा तर विकतचा मासा घरात आणणं दादांच्या लेखी चोरीच.

"आज ती कायच बोलनार न्हाय," म्हणत ते माझ्या उंबऱ्यावर बसून राहिले. मी मरळ तळून दिला. वहिनींनी बोटं चाटून खाल्ला आणि खरंच काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजार गाठला. कोळणीला म्हटलं, "सगळ्यात लहान दे."

"मांजर पाललंस काय?"

"हो," म्हटलं.

दादा निघायच्या आत मी मासा वहिनींपुढे नेऊन ठेवला. "दादांनीच धरलेला. परवापासून माझ्याकडे राहिला होता."

वहिनींनी वाकून पाहिलं आणि दादांना धारेवर धरलं. दादा भिंतीला गळ टेकवून समोर बसले. मी घरी आले, कुकर लावायचा होता.